सहा मीटर दोन

या मायबापांनो, जरा पुढे सरकून बसा. एका उडीची गोष्ट सांगायची आहे, आणि ती मोठ्याने सांगण्यासारखी नाही.

"सहा मीटर दोन," सर म्हणाले आणि कापडी टेप भराभर गुंडाळून त्यांनी पिशवीत टाकली.

ती वाळू झटकत उठली. जर्सीवरचा नंबर आईने दुहेरी गाठ मारून शिवलेला, म्हणून इतक्या वर्षांत उसवला नव्हता. उडी मात्र सहाच्या वर दोन-चार सेंटिमीटर, की तिथेच अडायची. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर वर्षभर हेच. उद्या निवड चाचणी. क्लबकडून खेळत राहायचं की बूट कायमचे खुंटीला टांगायचे, ते आज ठरवायला हवं होतं.

"सर, टेपचं टोक एकदा मी धरू?"

"तू पाय सैल कर. मोजायला मी मेलोय का?"

तिच्या मनात पाल चुकचुकली. क्लबात नुकत्याच आलेल्या नव्या मुलीची उडी सर नव्याकोऱ्या टेपने मोजत. हिला मात्र ही जुनी, आणि टेपच्या टोकाची कडी सदा सरांच्या अंगठ्याखाली. नवीला जागा करून द्यायला आपली उडी कमी दाखवतात की काय?

ऑपरेशननंतर एकदा सर घरीही येऊन गेले होते.

"बाही उसवली होती त्यांची," शिवणयंत्रावरून मान वर न करता आई म्हणाली होती. सरांचा सदरा तर चांगला धडधाकट दिसत होता.

आईला तसंही हे खेळणं नकोच होतं. "चौतीस वर्षांची घोडी झालीस, आणि उड्या बेडकाच्या! पुरे की आता."

फक्त इस्पितळात ती असं काही बोलली नव्हती. लेक भिंतीकडे तोंड करून म्हणाली होती, "सहा मीटर गेले, तर मी जगायची नाही." आई नुसती केसांतून हात फिरवत राहिली होती.

सर नव्या मुलीकडे वळले, तशी हिने पिशवीतली टेप उचलली आणि तडक घर गाठलं. आई बाहेर गेलेली. कापड बेतायच्या टेबलावर आईची लोखंडी मीटरपट्टी होती. तिच्या शेजारी तिने टेप पसरली. आता चोरी उघडी पडणार!

पट्टी शंभरावर संपली. तिथे टेपवर आकडा होता एकशेवीस.

तिने कडीजवळ पाहिलं. पहिला आकडा एकवीस. आधीचा तुकडा कापून कडी पुन्हा शिवली होती.

म्हणजे सहा दोन नव्हेच. पाच ब्याऐंशी.

सहा मीटर वर्षभरापूर्वीच गेले होते, आणि ती जगली होती.

हळूहळू तिने बूट काढले, नाड्या एकमेकींत बांधल्या, खुंटीला टांगले. मग टेप गुंडाळायला घेतली, तेव्हा कुठे कडीवरच्या शिवणीकडे तिचं लक्ष गेलं. बारीक टाके, आणि शेवटी दुहेरी गाठ.

मायबापांनो, तुमच्यावर कधी बूट टांगायची वेळ आली, तर तोंडाने 'पुरे' म्हणणाऱ्या त्या माउलीला तेवढं आठवा.