स्थळासाठी फोटो

घाटकोपरच्या घरात पलंग भिंतीला उभा करून तेजलनं स्टुडिओ थाटला होता. दोन मोठे एलईडी लाइट लावून ती केव्हाची ऋतिकाचे स्थळासाठी फोटो काढत होती, पण पोरगी हसेल तर शपथ.

"अगं, हस ना जरा! मुलाकडच्यांना काय हा सुतकी चेहरा पाठवायचा?" तेजल कॅमेऱ्याला डोळा लावूनच म्हणाली. "आणि काकू, तुम्ही लाइटच्या पुढ्यातून बाजूला व्हा बघू."

ऋतिकाची आई मुकाट्यानं तेजलच्या पाठीमागे जाऊन उभी राहिली. आणि काय आश्चर्य, ऋतिका हसली. अगदी तोंडभर. तेजलनं लगेच फोटो टिपला.

संध्याकाळी कॉम्प्युटरवर फोटो साफ करताना तिनं ऋतिकाचे डोळे झूम करून पाहिले. दोन्ही बुबुळांत लाइटचे पांढरे चौकोन चमकत होते आणि त्यांच्या मधोमध आई उभी होती, लेकीपुढे पदर पसरून.

तेवढ्यात काकूंचा फोन आला. "तेजल, फोटो पाठव ना गं. मुलाकडचे खोळंबलेत."

"पाठवते काकू, दोनच मिनिटं."

तिनं दोन्ही डोळ्यांतून आईला पुसून टाकलं. हसू तेवढं ठेवलं.