जोडी लावा

"वास घ्या," अयोध्या म्हणाली आणि जळालेली डबी तिनं काउंटरवर आदळली.

भूमच्या बाजाराचा दिवस. सोलरच्या दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. दुकानदार वैजनाथनं डबी उचलली, नाकाजवळ नेली आणि तोंड वाकडं केलं. प्लेटीतनं येणारी वीज बॅटरीला सोसेल तेवढीच पुढं सोडायची, एवढंच त्या डबीचं काम. आता तिचं पोट फुगून काळं पडलं होतं.

"काल सकाळी ऊन चढलं आन् फट करून वाजली. रातभर मेंढरं कोंडायच्या जाळीवर, वाघरीवर, दिवा न्हाय. लांडगा जाळी वलांडून दोन कोकरं घेऊन गेला. त्यातलं एक म्या बाटलीनं दूध पाजून जगवलं हुतं. आज दिवस बुडायच्या आत दिवा लागला न्हाय, तर त्यो परत येतोय. त्याला आता वाट घावलीया."

तिचा नवरा हरिबा पायरीवरच उभा होता. नवीन आणलेली दुसरी प्लेट पहिलीला त्यानंच जोडली होती, आणि माळावरनं भूमला येईपर्यंत अयोध्येनं त्याला सोलून काढलं होतं. डोकं हाय का गाडगं, इथनं सुरुवात करून ती पार त्याच्या बापापर्यंत पोचली होती. कोकरं गेल्यापासून त्याच्या पोटात घास नव्हता, हे तिला ठाऊक होतं, आणि त्याचाही तिला रागच येत होता.

"पाव्हणं, कसं जोडलं ते दावा बरं," वैजनाथ म्हणाला.

हरिबा आत आला. दोन बोटं त्यानं एकापुढं एक धरली. "हिचं शेपूट हिच्या तोंडात. मोकळी ऱ्हायलेली दोन टोकं डबीत."

वैजनाथ पोट धरून हसला. "ऐका रं," तो गिऱ्हाइकांना म्हणाला, "प्लेटी एकामागं एक बांधल्या यानं. दोघींचा जोर एकावर एक चढला. एकीचाच जोर झेलणारी डबी ती, फुटंल न्हाय तर काय हुईल? शेजारी शेजारी जुंपायच्या व्हत्या. लाल वायरी एकत्र, काळ्या एकत्र. शेंबड्या पोराला बी कळतं."

दोन-चार गिऱ्हाइकं हसली. मघाचा पाव्हणा आता 'यानं' झाला होता. हरिबा बोटं मिटून खाली बघायला लागला.

अयोध्येच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिच्या नवऱ्याला ती बोलेल, न्हाय तर त्याची आई बोलेल. ह्या दात काढणाऱ्यांचा काय संबंध?

"शेठ, प्लेट देताना तुमी काय सांगितलं हुतं?"

"जोडी लावा म्हणलो."

"कशी लावायची?"

"जोडी कशी असती ते बी सांगाय लागतं व्हय? बैलाची असती तशी."

"आमच्यात बैल न्हाईत," अयोध्या म्हणाली. "आमी धनगर. आमच्यात घोडी हायती, बिऱ्हाड वाहणारी. घोडी जोडायची म्हंजे म्होरलीच्या शेपटामागं मागली बांधायची. तुमी जोडी म्हणला, ह्यांनी जोडली."

आता कुणी हसलं नाही. वैजनाथनं जळालेली डबी उगीच उलटीपालटी केली.

"बरं, दुसरी डबी देतो. कागदावर चित्र बी काढून देतो."

"चित्र नगं. तुमी चला. लावून द्या."

"बाजाराचा दिवस हाय, बाई. उद्या येतो की."

"उद्या? लांडगा जेवून गेल्यावर?"

ती दारात गेली, शटरला हात घातला आणि सगळा जोर लावून खाली ओढलं. खडखडत ते अर्ध्यावर आलं. गिऱ्हाइकं वाकून वाकून बाहेर पडली. तिनं उरलेलंही आतनं ओढलं.

"बघा," काळोखात तिचा आवाज आला. "असा अंधार हुता आमच्याकडं, रातभर."

मग फळीवरनं खोकं काढल्याचा आवाज आला, पक्कड पिशवीत टाकल्याचा आला, आणि वैजनाथनंच शटर वर केलं.

बाजाराच्या गर्दीतनं फटफटी निघणं शक्य नव्हतं. तिघं पायीच माळाकडं निघाले. पुढं अयोध्या, मधी पिशवी घेतलेला वैजनाथ, मागं हरिबा. भाजीच्या पाट्या संपल्या, रस्ता मोकळा झाला, तसा वैजनाथ लगबगीनं तिच्या बरोबरीला आला. त्याला काहीतरी समजावून सांगायचं होतं.

"मागं चला, शेठ," ती म्हणाली. "आमच्यात असंच जोडत्यात."