चारच तर तारा

वाद्यांच्या दुकानात काउंटरवर दोन युकुलेले होती, गिटारीसारखीच पण छोटी, मऊ तारांची. किंमत जवळपास सारखी, आवाजही लेकीच्या कानाला सारखाच. बाबा मात्र दोन्हींना नावं ठेवत होते. याची खुंटी ढिली, त्याची मान जाड, याला पॉलिशचा वास! जन्मभर वाद्यवृंदात सहा तारांची गिटार वाजवली, आता आखडलेल्या बोटांना ती झेपेना, म्हणून लेक रजा टाकून त्यांना इथे घेऊन आली होती. आणि यांचं आपलं नाचता येईना अंगण वाकडं! “बाबा, बास झालं. चारच तर तारा आहेत, कुठलंही एक घ्या ना!” ती वैतागली. बाबांनी एक छातीशी धरलं. अंगठा सवयीने गिटारीच्या जाड तारेकडे गेला आणि नुसताच हवेत फिरला. “मग, कोणतं बांधून देऊ?” दुकानदाराने विचारलं. “दोन्हींच्या मिळून आठ तारा होतात,” वाद्य खाली ठेवत बाबा म्हणाले. “मला सहाच हव्या होत्या.”