चौकटीखालचं लाल नाव

ऑफिसच्या विकीचं, म्हणजे सगळ्यांच्या माहितीच्या वेबसाइटचं, पहिलं पान (डॅशबोर्ड) बदलायला कोडिंग लागायचं आणि ते फक्त कॉम्प्युटरवाल्याला यायचं. एक फोन नंबर दुरुस्त करायला लोक त्याच्या टेबलापाशी ताटकळायचे, आणि तो मान वर न करता म्हणायचा, “ठेवा कागद. बघू.”

मग साहेबांनी हुकूम सोडला, नवशिक्यालाही बदलता येईल असं करा. त्याने दातओठ खात प्रत्येक चौकटीवर पेन्सिलचं बटण बसवलं. वर अशीही सोय केली की जो बदल करेल त्याचं नाव चौकटीखाली लाल अक्षरांत उमटेल आणि तिथेच राहील. माती खाणारा चारचौघांत उघडा पडलाच पाहिजे! स्वतःच्या स्क्रीनवर मात्र त्याने ती लाल नावं बंद ठेवली. नवशिक्यांची ती भानगड त्याला कशाला हवी?

महिना झाला तरी कोणी चुकेना. उलट स्टोअरच्या बाईंनी फोनची यादी इतकी नीट लावली की साहेबांनी सगळ्यांदेखत त्यांचं कौतुक केलं. त्याच्या अंगाचा तिळपापड झाला. जेवणाच्या सुट्टीत त्याने ड्युटीची अख्खी यादी पुसून टाकली आणि सुट्टी संपताच साहेबांसमोर बाईंवर कडाडला, “घातलात ना गोंधळ? कुठे गेली ड्युटीची यादी?”



“यादी मी केव्हाच परत आणली,” बाई म्हणाल्या, “पण खाली लाल अक्षरांत तुमचं नाव आलंय, ते कसं पुसायचं तेवढं शिकवा, नवशिकी आहे ना मी.”