धोंड्यावरचा तांब्या

“आज काय ठेवलंस गं?” येसाजीनं विचारलं.

“तांब्या,” म्हणत जयवंता अंगणापलीकडच्या धोंड्याकडून लगबगीनं परत आली. नवऱ्याकडे न बघता घरात शिरली.

येसाजीनं चुलीतला विझलेला कोळसा घेतला, डोळे बारीक करून धोंड्याकडे पाहिलं आणि क्वार्टरच्या चुन्याच्या भिंतीवर पहिली रेघ ओढली. रोज सकाळचा नेमच होता हा. ‘रोज एक वस्तू लांब ठेवायची, नीट बघून काढायची, नजर तयार होते,’ असं कर्जतच्या शाळेतले ड्रॉइंग मास्तर सांगत होते. सांगत होते ते चित्र जमावं म्हणून. आमच्या येसाजीनं ते डोळ्यांचं औषध समजून घेतलं!

औषध हवंच होतं म्हणा. येसाजी घाटातल्या रेल्वेचा सांधेवाला, रूळ बदलून गाडीला वाट देणारा. वरच्या वळणावर उभ्या असलेल्या झेंडीवाल्या हिरूची लाल झेंडी दिसतेय तोवर त्यानं उतरत्या गाडीला वाट द्यायची नाही. लढाईचे दिवस, गाड्या माणसांनी गच्च भरलेल्या. उद्या कर्जतला डोळ्यांची तपासणी होती. नापास झाला की नोकरी गेली, डोक्यावरचं छप्परही गेलं.

भिंतीवर सूप होतं, विळी होती, कालचा कंदील होता. घरातल्या कंदिलाची काच परवाच फुटून अर्धी राहिली होती. भिंतीवरच्या कंदिलाला मात्र सबंध काच. ते दिसल्यापासून जयवंताच्या जिवाला थारा नव्हता. चुलीपाशी जायची, उठायची, दारात यायची, पुन्हा आत. भाकरी करपली तरी तिला वास आला नाही.

“अवो, आज पाळीवर नाय गेलात तर?”

“का? ताप आलाय का मला? येडी का खुळी तू! पानी आन, घसा सुकला.”

तिनं पाणी आणलं. तो गटागटा प्यायला, तांब्या गुडघ्यापाशी ठेवला, मिशा पुसल्या आणि पुन्हा धोंड्याकडे बघून रेघ ओढू लागला. गळा उतरला, पोट आलं, काठ आला.

“जमला का नाय?” तो खुशीत मागं सरकला. “घारीचा डोळा हाय माजा. उद्या डागदर बघंल आन् गप बसंल!”

त्यानं नुसतं ‘हे काय ठेवलंस गं?’ म्हणून खेकसावं, यासाठी सकाळपासून जयवंतानं सगळे देव पाण्यात घातले होते. एकही पावला नाही.

“आपल्या घरात तांबे किती?” तिनं विचारलं.

“येकच. का?”

“मंग आता पानी कशातनं प्यायलात?”

येसाजी हसायला गेला आणि थांबला. त्याचा हात गुडघ्यापाशी गेला. तांब्या गार होता. त्याचा ओळखीचा पोचा अंगठ्याला लागला. भिंतीवरच्या तांब्याला पोचा नव्हता.

त्यानं धोंड्याकडे पाहिलं. डोळे चोळले, पुन्हा पाहिलं. कोळशाची काजळी पापण्यांना लागली.

“तितं तांबूस दिसतंय की गं कायतरी,” तो म्हणाला. त्याचा आवाज पार बसला होता. “तांब्या नाय, तर काय हाय ते?”

जयवंताला रडू फुटलं. तिनं पदर तोंडाशी धरला.

“तुमची झेंडी हाय, धनी. लाल.”