सोंग घेतलेलं अक्षर

कस्तुरीनं ते अक्षर फाईलमध्ये सोडलं आणि ओढणी सारखी करून साळसूदपणे बसली.

फाईल यशवंतपूरच्या घाऊक बाजारातल्या वजनकाट्यांची, एक्सएमएलमधली. आता हे एक्सएमएल म्हणजे महासोवळं. एक अमान्य अक्षर शिवलं, की सगळी फाईलच वाचायची नाकारतं. आणि जुने काटे तर असली न दिसणारी अक्षरं खोकल्यासारखी उडवत असतात. म्हणून प्रोग्रॅमच्या तोंडाशी चाळणी लागते. नको ते अक्षर वर राहतं, बाकीचं आत जातं.

चाळणी कस्तुरीनंही लिहिली होती, आसावरीनंही. गिरीराज साहेबांनी डेमोला निवडली आसावरीची. कस्तुरीचं घराणं शहाजीराजांच्या काळापासून बंगळुरातलं. आणि ही पुण्याची पोरगी, रिक्षावाल्याला 'स्वल्प' म्हणायला शिकली तेवढंच तिचं कन्नड. आज डेमो जमला, की ही टीम लीड! कस्तुरी अशी जळत होती, की टेबलावरची सकाळची फिल्टर कॉफी दुपार झाली तरी वाफाळतच होती. एसी बिचारा धापा टाकत होता.

म्हणून तिनं त्या अक्षराला सोंग दिलं. सरळ न लिहिता त्याचा नंबर लिहिला. चाळणीला वाटतं, साधे आकडे आहेत. आत गेले, की ते आपलं खरं रूप दाखवतात. तिची स्वतःची चाळणीसुद्धा यात फसायची. हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं, दुरुस्तही केलं नव्हतं. आपली फसते, तिथं हिची काय टिकणार? आणि आज आपली कुठं चालणार होती!

"अक्का, तू पुढंच बस हं," आसावरीनं तिला हाताला धरून ओढलं. "तुला एक गंमत दाखवायचीय."

'दाखव, दाखव,' कस्तुरी मनातल्या मनात म्हणाली.

बाजारातले व्यापारी येऊन बसले. आसावरीनं बटण दाबलं. कांद्याच्या नोंदी सरसर गेल्या, बटाट्याच्या गेल्या, आणि लसणापाशी गाडी अडली. पडदा लालभडक. व्यापारी एकमेकांकडे बघायला लागले. आसावरीचा चेहरा पार उतरला. तिनं वळून कस्तुरीकडे बघितलं.

गिरीराज साहेब उठले. "काय झालं हे?"

"सर, राग मानू नका," कस्तुरी शब्द मधात घोळवून म्हणाली, "पण जिची चाळणी, तिनंच उत्तर द्यावं. आणि जिला चाळणी धड जमत नाही, तिला लीड कसं करायचं?"

साहेबांनी चष्मा काढला.

"सरी, ठीक आहे. मग तूच ये पुढं, कस्तुरी. सकाळी हिनं स्वतःची काढून तुझी चाळणी बसवली. म्हणाली, अक्काची जास्त चांगली आहे, लीडही तिलाच करा. मी हो म्हणालो होतो."