खांबाचा आवाज

आवाजाचा धडा बाई पुस्तकातून शिकवतच नसत. दुसरीच्या पोरांना त्यांनी पट्ट्या घ्यायला लावल्या. “वर्गातलं सगळं वाजवून बघा. भरीव काय, पोकळ काय, कानच सांगतील.” झालं, बाकं, कपाट, भिंती, सगळ्यांचा ऑर्केस्ट्रा सुरू. एक बडबडी मात्र दाराजवळच्या खांबापाशीच अडली. “बाई, हा खोटारडा आहे. दिसतो भिंतीसारखा, वाजतो डब्यासारखा.” सगळे खिदळले. बाईंनीही हसतच पट्टी मारली. नव्या रंगाचा पोपडा सुटून आतून वाळू सांडू लागली, थांबेचना. तेवढ्यात वरच्या मजल्यावर नाचाची तालीम सुरू झाली. छत थरथरलं. “चला, गाण्याची आगगाडी करू. थेट मैदानात,” बाई गोड आवाजात म्हणाल्या. गाडी गात निघाली. बडबडी दारातच थांबली. “बाई, वर माझी ताई नाचतेय.” दाराबाहेर, त्याच खांबाला टेकलेल्या जिन्यापाशी बाईंनी चपला काढल्या आणि पाय न वाजवता चढू लागल्या.